चिलखताची उत्तरपूजा

१

माझं काम वजन करण्याचं होतं. संग्रहालय म्हटलं की लोकांना काचेची कपाटं आणि मंद दिवे आठवतात, मला अजूनही वजनकाटा आठवतो. एका चिलखताचे सुटे भाग साधारण वीस-बावीस असतात. शिरस्त्राण, गळपट्टी, छाती, पाठ, खांदे, कोपर, पोलादी हातमोजे, मांड्या, गुडघे, पावलं. निळे रबरी हातमोजे घालून एकेक भाग उचलायचा, काट्यावर ठेवायचा, ग्रॅममध्ये आकडा लिहायचा, चार ठिकाणी जाडी मोजायची, फोटो काढायचे आणि पुढचा भाग घ्यायचा.

पुण्यात मी मेकॅनिकल इंजिनिअर होते, क्वालिटी विभागात. हृषिकेशच्या नोकरीमागोमाग एर्लांगेनला आले आणि दोन वर्षं घरी बसून जर्मन क्रियापदांशी भांडले. मग एका जुन्या किल्ल्यातल्या छोट्या संग्रहालयाला शस्त्रसाठ्याची नवी नोंद करायला नीट मोजता येणारं माणूस हवं आहे असं कळलं. मोजण्यापुरती माझी जर्मन पुरेशी होती. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी रीजनल ट्रेन, पाऊण तास प्रवास आणि स्टेशनपासून दम काढणारा चढ.

काम तळघरातल्या साठवणीच्या खोलीत चाले, तिला सगळे डेपो म्हणत. लांबट खोली, छताशी दोन खिडक्या, भिंतीलगत कपाटं आणि मधोमध टेबल. हवेतला ओलावा शोषणारं एक यंत्र कोपऱ्यात सतत घुं घुं करत असायचं. हीटर लागला की पोलाद तापून किंचित फुगतं आणि कुठल्या तरी कपाटातून टक् असा आवाज येतो. पहिल्या आठवड्यात मी त्या आवाजाला दचकायची, नंतर त्यावरून किती वाजले ते ओळखायला लागले.

माझ्या वरिष्ठ म्हणजे फ्राउ ब्रेटश्नायडर. गंजलेलं लोखंड पुन्हा माणसात आणायचं त्यांचं काम. साठीच्या, उंच आणि मोजकं बोलणाऱ्या. मी काही बरोबर केलं की त्या "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत, आणि चुकलं की काहीच म्हणत नसत.

सत्तावीस नंबरचं चिलखत सोळाव्या शतकातलं होतं. ते कोणी घातलं, कुठल्या लढाईत, काहीही माहीत नव्हतं. एकूण वजन एकवीस किलो चारशे ग्रॅम. शिरस्त्राणाला चेहऱ्यावर उघडझाप करणारी झडप, डोळ्यांसाठी एक आडवी फट आणि श्वासासाठी उजव्या गालावर बारा भोकं. डाव्या गालावर नाहीत, कारण भाल्याचा वार तिकडूनच येतो. हे मी घरी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांचा हातातला घास तसाच राहिला.

२

बाबा म्हणजे माझे सासरे, वासुदेव सोवनी. वय चौऱ्याहत्तर. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी अडतीस वर्षं काढली. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि त्यानंतर हा माणूस घरात असून नसल्यासारखा वावरू लागला, म्हणून हृषिकेशनं त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. इथे त्यांना काय करायचं हा प्रश्नच होता. सकाळी आंघोळ करून कपाळाला अष्टगंधाचं बोट लावायचे, बाल्कनीतल्या झेंडूंना पाणी घालायचे आणि मग खिडकीतून सायकली मोजत बसायचे. मी वैतागायची. उगीच कशाला खोटं बोलू, घरात दिवसभर दुसऱ्याचं उसासणं ऐकत राहणं सोपं नसतं.

त्यांची एक सवय मात्र मला आवडायची. कुठलाही धातू दिसला की त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करून ऐकायचे. आवाजावरून त्यांना तडा कळायचा. दारावरही ते दोनच वेळा वाजवत. त्याचा आमच्या अन्वीनं खेळ केला होता. ती सात वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये. आजोबांनी दारावर दोनदा वाजवलं की ती आतून एकदा वाजवायची, आणि ते एक उत्तर आल्याशिवाय आजोबा आत पाऊल टाकायचे नाहीत. कधी ती मुद्दाम वेळ लावायची. बाबा दाराबाहेर उभे राहून वाट बघायचे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदामध्ये, खंडेनवमी गुरुवारी आली. दोन ऑक्टोबर. बाबांनी पुण्याहून त्यांचं जुनं व्हर्नियर, जाडी मोजायचं हत्यार, सोबत आणलं होतं. पहाटे त्याला हळदकुंकू वाहून त्यांनी ते देवापुढे ठेवलं आणि मला म्हणाले, तुझं ते चिलखत आज बघायला मिळेल का? फ्राउ ब्रेटश्नायडरना फोन केला. सासरे टूलरूममधले आहेत म्हटल्यावर त्या लगेच हो म्हणाल्या.

सत्तावीस नंबर तेव्हा टेबलावर लाकडी सांगाड्यावर उभं होतं. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या. भोवती दोन फेऱ्या मारल्या, रिव्हेट बघितले, खांद्याच्या पट्ट्या एकमेकींवर कशा सरकतात ते वाकून बघितलं. मग मी नको म्हणायच्या आत शिरस्त्राणावर दोनदा टकटक केलं आणि कान लावला.

"एकाच माणसाच्या हातचं काम आहे," ते म्हणाले. "एवढी वर्षं यानं कोणाला तरी आत सांभाळलं, आणि याला कोणी कधी नमस्कार केला नसेल."

मला ऑफिसातून फोन आला म्हणून मी वर गेले. दहा मिनिटांत परत आले तर शिरस्त्राणाच्या कपाळावर हळदकुंकू, खांद्यावर अक्षता आणि पायाशी बाल्कनीतला झेंडू. बाबा हात जोडून डोळे मिटून पुटपुटत होते. सगळं त्यांनी खिशातून आणलं होतं.

त्या पोलादाला आम्ही उघड्या बोटाचा घाम लागू देत नाही आणि यांनी वर हळद चोपडली. नोकरी गेली असंच मला वाटलं. मी स्पिरिटचा बोळा घेऊन कपाळ पुसायला लागले. बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, पूजा मांडली आहे, आवाहन केलंय, उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या दसऱ्याला अक्षता वाहून जरा जागचं हलवू, मग पूस.

जिन्यावर फ्राउ ब्रेटश्नायडरच्या बुटांचा आवाज आला. मी हात सोडवून घेतला, कुंकू पुसलं, अक्षता झटकल्या आणि झेंडू पर्समध्ये कोंबला.

"उद्या आणते तुम्हाला," मी म्हणाले. "आता चला."

३

उद्या म्हणजे तीन ऑक्टोबर. जर्मनीत राहून तीन वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात दसरा होता आणि त्या तारखेला इथे राष्ट्रीय सुट्टी असते हे नव्हतं. कर्मचाऱ्यांचा विभाग कुलूपबंद. पुढे शनिवार-रविवार. सोमवारी माझी सुट्टी, आणि नेमकं त्याच दिवशी फ्राउ ब्रेटश्नायडरनी सत्तावीस नंबर वरच्या दालनात काचेच्या कपाटात, म्हणजे विट्रीनमध्ये, नेऊन उभं केलं. विट्रीन उघडायला दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागतात. सासऱ्यांना तांदूळ वाहायचे आहेत असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

मंगळवारी घरी येऊन बाबांना सांगितलं की उत्तरपूजा मनातल्या मनात केली तरी पोचते. ते भांडले नाहीत. "बघ, बोलावलेल्याला जा म्हणावं लागतं," एवढंच म्हणाले आणि आरामखुर्चीत डोळे मिटून बसले.

खरं तर त्या सुट्टीपासूनच ते फार झोपू लागले होते. आधी दुपारचं जेवण झाल्यावर, मग जेवणाआधीसुद्धा. हाक मारली तर उठायचे पण उठायला वेळ लागायचा, जिना चढून आल्यासारखे धापा टाकत डोळे उघडायचे. हृषिकेश म्हणाला, थंडी सुरू झाली, पुण्याच्या माणसाला असं होतंच. मलाही ते पटलं. मनात म्हटलं, झोपतात तर झोपू दे, उसासे तरी ऐकायला लागत नाहीत.

४

विट्रीनच्या तळाशी एक खण असतो. त्यात सिलिका जेलचे नारिंगी दाणे भरलेला डबा ठेवतात. ते हवेतला ओलावा शोषतात आणि पुरते भरले की हिरवे पडतात. एका डब्याला तीन-चार महिने सहज लागतात. हा खण बाहेरून उघडतो आणि दर शुक्रवारी तो बघणं माझ्याकडे होतं.

दहा तारखेच्या शुक्रवारी सत्तावीस नंबरचे दाणे हिरवे झाले होते. चार दिवसांत. मी डबा बदलला आणि विट्रीनचं रबर सैल असेल असं लिहून ठेवलं. मंगळवारी नवे दाणेही हिरवे होते.

प्रत्येक विट्रीनच्या त्याच खणात दमटपणा नोंदवणारा एक छोटा लॉगर असतो. त्याची नोंद संगणकावर उतरवून बघितली. बाकी सगळ्यांची रेघ सपाट, छत्तीस टक्क्यांच्या आसपास. सत्तावीस नंबरची रेघ दुपारी एक ते चार चढलेली, पुन्हा रात्री दहाला चढून सकाळी सहाला उतरलेली. सगळे दिवस तसेच. प्रेक्षकांच्या गर्दीनं म्हणावं तर सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि सोमवारची रेघही तशीच होती. मग मला शिकवलं होतं तसं केलं. सव्वीस आणि सत्तावीस नंबरचे लॉगर आपसांत बदलले. लॉगरचा दोष असता तर तो सव्वीसकडे गेला असता. तो सत्तावीसकडेच राहिला.

त्या दालनात उभं राहणं मला आवडेनासं झालं. तिथे आणखी आठ चिलखतं होती आणि ती सगळी रिकामी दिसत. रिकामं चिलखत लगेच ओळखू येतं, शर्ट हँगरवर लटकतो तसं ते सांगाड्यावर लटकतं. सत्तावीस नंबर लटकत नव्हतं. काचेच्या आत, उजव्या गालाच्या बारा भोकांसमोर, तळहाताएवढा धुरकट डाग होता. मी बाहेरून पुसला. तो आतून होता.

फ्राउ ब्रेटश्नायडरना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं, तेल उडालं असेल म्हणाल्या आणि पुढच्या शुक्रवारी विट्रीन उघडायचं ठरवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हे चिलखत उत्तरेकडच्या एका संग्रहालयाला वर्षभरासाठी प्रदर्शनाला द्यायचं होतं. एकोणतीस ऑक्टोबरला, बुधवारी, पेटी घेऊन गाडी येणार होती.

५

सतरा तारखेला, म्हणजे त्याच शुक्रवारी, बाबा दुपारी उठलेच नाहीत. मी तेव्हा विट्रीनपाशी होते. काच उघडली तर आतली हवा तोंडावर आली. बंद खोलीत कोणी रात्रभर झोपल्यावर जी असते, तशी. फ्राउ ब्रेटश्नायडरनी नाक मुरडलं. मी लॉगरचा तारेसारखा बारीक प्रोब गळपट्टीखालून शिरस्त्राणात सरकवला आणि दर सेकंदाला नोंद घ्यायला लावलं. काच बंद करत होतो तेवढ्यात हृषिकेशचा फोन आला. अँब्युलन्स आली होती.

डॉक्टरांना फारसं काही सापडलं नाही. हृदय थोडं थकलेलं, फुप्फुसं ठीक. झोपेत श्वास कमी होत जातो, मध्ये वीसेक सेकंद थांबतो आणि मग एक मोठा श्वास येतो, असं त्यांनी सांगितलं. हाका मारल्या, हात चोळले की बाबा जागे व्हायचे, पण तेवढ्यापुरतेच. छातीवर तारा लावल्या होत्या आणि पडद्यावर त्यांच्या श्वासाची रेघ सरकत होती. झोप जितकी गाढ, तितकी ती रेघ बारीक.

मंगळवारी मी शिरस्त्राणातल्या नोंदी संगणकावर उघडल्या. रेघ वर जात होती, खाली येत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. मिनिटाला चौदा वेळा. मध्येच वीस सेकंदांचा सपाट तुकडा आणि मग एक मोठी लाट. मी तो आलेख खाली-वर करत किती वेळ बसले आठवत नाही. यंत्राची घरघर, हीटर, रस्त्यावरचे ट्रक, सगळी कारणं काढून बघितली. यंत्र चालू-बंद होण्याला चौदाचा हिशेब बसत नव्हता.

मग मी वेळा ताडून बघितल्या. वॉर्डातल्या श्वेस्टरकडे, म्हणजे नर्सकडे, बाबांच्या जागं होण्याची नोंद असते. रविवारी दोन ते दोन वीस ते जागे होते, अन्वीशी बोलले. रविवारी दोन ते दोन वीस शिरस्त्राणातली रेघ सपाट होती. सोमवारी सकाळी अकराला डोळे उघडले, पाणी प्यायले. सोमवारी अकराला सपाट. इकडे श्वास बारीक होई तेव्हा तिकडे तो भरत होता.

दोन आलेख जुळले म्हणजे एक दुसऱ्याचं कारण असतं असं नाही, हे मला कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. पण त्या टेबलाशी बसून माझी खात्री झाली की आम्ही काहीतरी बोलावलं, जा म्हणालो नाही, आणि ते आता बाबांचा श्वास ओढून घेतंय. हृषिकेशला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "ऊर्मिला, तू झोपली नाहीस चार दिवस. लॉगर बदल आणि झोप."

गुरुवारी मी क्लिनिकमध्ये एकटी होते. बाबांचे हात चोळले, हाका मारल्या. बऱ्याच वेळानं एक मोठा श्वास घेऊन त्यांनी डोळे उघडले आणि खोली कुठली आहे हे शोधल्यासारखे बघत राहिले.

"फार अंधार असतो गं," ते म्हणाले. "समोर एवढीशी फट. फटीतून तू दिसतेस, निळे हातमोजे घातलेली."

मी म्हटलं, बाबा, स्वप्न पडलं असेल. त्यांनी मान हलवली. मग मी सांगितलं की उत्तरपूजा राहिली ना, ती मी करते, सगळं ठीक होईल. तशी त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, पण त्यांनी सोडलं नाही.

"मी आल्याशिवाय करू नकोस. मी येतो, मग कर."

हो म्हटलं. मला वाटलं, पूजा स्वतःच्या हातानं पुरी करायची त्यांची इच्छा आहे. बरे होऊन किल्ल्यावर येईन असंच ते म्हणतायत, यात मला तेव्हा शंका नव्हती. आणि ते बरे होणार नाहीत हे मला दिसत होतं. बुधवारी पेटी येणार होती. वर्षभर ते चिलखत कुठल्या तरी दूरच्या दालनात बाबांचा श्वास ओढत राहणार, आणि बाबा वर्षभर काय, पंधरा दिवस टिकणार नव्हते.

६

अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी, आम्ही सत्तावीस नंबर पॅकिंगसाठी खाली डेपोत आणलं. सांगाड्यासकट ढकलगाडीवर. ढकलताना फ्राउ ब्रेटश्नायडर म्हणाल्या, चाकं जड चालतायत. साडेअकराला त्या कागदपत्रांवर सही करायला वर गेल्या.

मी दार लावलं आणि ओलावा शोषणारं यंत्र बंद केलं. ते चालू असताना मंत्र म्हणायचं धाडस होईना. खोली एकदम शांत झाली. खिडकीतून सरळ उजेड पडत होता, भर दिवस होता, बाहेर शाळेच्या सहलीची मुलं ओरडत होती. प्रोब अजून शिरस्त्राणातच होता आणि टेबलावर संगणकात रेघ वर-खाली सरकत होती.

बारा भोकं खिडकीच्या बाजूला असल्यानं शिरस्त्राणाच्या आत थोडा उजेड जातो, त्यामुळे डोळ्यांच्या फटीत नेहमी करडी रेघ दिसते. शेकडो वेळा बघितली होती. त्या दिवशी फट काळी होती. मी बघत असताना ती क्षणभर करडी झाली आणि पुन्हा काळी.

मी खाली बघितलं आणि नंतर वर बघितलंच नाही. कागदाच्या पुडीतल्या अक्षता काढल्या. निम्म्या जमिनीवर सांडल्या. उरलेल्या खांद्यावर वाहिल्या. गणपतीच्या वेळी दरवर्षी ऐकून उत्तरपूजेचा मंत्र पाठ झाला होता, तो म्हणायला लागले.

तेव्हा आतून वाजलं. टक् टक्.

मी थांबले. हीटरकडे बघितलं. हीटर चालू होता. पोलाद तापतंय, मी मोठ्यानं म्हणाले, मराठीत, त्या रिकाम्या खोलीत. संगणकावरची रेघ सपाट झाली होती, वीस सेकंदांच्या थांब्यातली. कोणीतरी श्वास रोखून वाट बघावी तशी खोली होती. मी मंत्र पुरा केला, शेवटचं पुनरागमनाय च म्हटलं, दोन्ही हातांनी चिलखताचे खांदे धरले आणि ते बोटभर उत्तरेकडे सरकवलं.

हातमोज्यांतून ऊब लागली. मग ती गेली. ढकलगाडीची चाकं करकरली, वरचं वजन उतरल्यावर वाजतात तशी.

वीस सेकंद झाले, तीस झाले, मिनिट झालं. मोठी लाट आली नाही. रेघ सपाट पुढे जात राहिली. वेळ अकरा बेचाळीस. वर बघितलं तर फट करडी होती, नेहमीसारखी. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, मी रडले आणि हसले. मग प्रोब काढायला झडप वर उचलली. आतलं पोलाद ओलं होतं, थेंब ओघळत होते. आत शिवलेलं जुनं कापड कपाळाच्या उंचीवर दाबलं गेलं होतं आणि त्यावर बोटाएवढा केशरी डाग होता. बाबांनी लावलेलं कुंकू झिरपलं असेल, असं मनात आलं. ते बाहेरून लावलं होतं आणि मी पुसलं होतं, पण त्या आनंदात मी पुढे विचार केला नाही.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना हृषिकेशचा फोन आला. बाबा गेले, म्हणाला. मी विचारलं, किती वाजता? तो म्हणाला, तुला वेळ कशाला हवी आहे. मग त्यानं सांगितली.

७

संध्याकाळी मी बाबांची खोली आवरत होते. मला काहीतरी करायचं होतं म्हणून. उशाशी त्यांची डबी होती. उघडली. आत अष्टगंध, केशरी. त्यांनी शिरस्त्राणाला लावलेलं कुंकू लाल होतं. केशरी बोट ते फक्त स्वतःच्या कपाळाला लावायचे.

डबी हातात घेऊन मी पलंगावर बसले. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली, आणि मी तिला थांबवू शकले नाही. अंधार. एवढीशी फट. निळे हातमोजे. मी आल्याशिवाय करू नकोस. तिथे कोणी परका श्वास ओढत नव्हता. झोपेत बाबा पलंगावरच्या देहात नसत त्या वेळी ते कुठे असत, एवढंच तो आलेख दाखवत होता. कसे गेले, का गेले, मला माहीत नाही. आणि मी अक्षता वाहून, हात लावून, त्यांना जा म्हणाले होते.

अंत्यसंस्काराच्या दिवशी बाबांची पेटी बंद करायच्या आधी अन्वी तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. चल म्हटलं तरी हलेना. हृषिकेशनं खाली वाकून विचारलं, काय झालं बाळा? ती म्हणाली, "ओपा हाट निष्ट गेक्लोप्फ्ट." आजोबांनी वाजवलंच नाही. हृषिकेशनं तिला उचलून घेतलं. वाजवलं होतं हे त्या खोलीत फक्त मला एकटीला माहीत होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

सत्तावीस नंबर वर्षभरानं परत आलं. मीच उतरवून घेतलं, मीच वजन केलं. एकवीस किलो चारशे ग्रॅम. डब्यातले दाणे आता चार-चार महिने नारिंगी राहतात, रेघ सपाट असते, फटीत उजेड असतो. हृषिकेश म्हणतो, ही नोकरी सोड, तुला एर्लांगेनमध्ये कुठेही चांगलं काम मिळेल. बघते म्हणते.

रोज सकाळी दिवे लावले की मी आधी सत्तावीसच्या विट्रीनपाशी जाते. फ्राउ ब्रेटश्नायडर यायला अवकाश असतो. हातमोजा काढते आणि बोटाच्या पेरानं काचेवर एकदा वाजवते. एकदाच. मग तिथेच उभी राहते, हीटर लागेपर्यंत.